वाल्ट्राउडबाईंचे सडके मणी

वाल्ट्राउडबाई शहात्तर वर्षांच्या आहेत आणि अजून ट्रॅक्टरवर टुणकन चढतात. उतरताना मात्र शिव्या देतात, कारण उजवा गुडघा. जर्मन शिव्या मला कळत नाहीत, पण गुडघ्याला शिव्या देण्याची चाल आमच्या निफाड तालुक्यात आणि तिथे एकच आहे, एवढं मी सांगू शकतो.

माझा मुलगा श्रीरंग जर्मनीत लुडविग्सहाफेनला केमिकल कारखान्यात इंजिनियर. शहरात घर मिळेना, म्हणून तो आणि सूनबाई लतिका जवळच्याच एका द्राक्षांच्या गावात राहायला गेले, ते या बाईंच्या वरच्या मजल्यावर. मागच्या वर्षी मी तीन महिने तिथे होतो. पहिल्याच दिवशी बाईंनी लतिकेकरवी विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, द्राक्षं. चाळीस वर्षं. बाईंनी माझा हात ओढून घेतला, उलटसुलट करून पाहिला, अंगठ्यावरचा कात्रीचा घट्टा दाबला आणि आपला अंगठा माझ्यापुढे धरला. तिथेही घट्टा. झाली ओळख.

बाई एकतीस वर्षं गावच्या पोस्टात होत्या. सकाळी पोस्ट, दुपारी नवऱ्याबरोबर बाग. नवरा हेल्मुट चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हा त्यांनी बाग दुसऱ्याला कसायला दिली आणि चर्चच्या मागच्या उतारावरच्या नऊ ओळी तेवढ्या स्वतःला ठेवल्या. नऊ ओळींना आमच्याकडे कुणी बाग म्हणणार नाही. आणि मणी तरी केवढे? वाटाण्याएवढे! मी म्हटलं, "बाई, असले मणी आम्ही विरळणीत काढून टाकतो." बाई म्हणाल्या, "तुमची द्राक्षं फोटोत छान येत असतील." लतिकेने हे भाषांतर करताना जरा जास्तच मजा घेतली.

डॉक्टर गुडघा बदला म्हणून मागे लागले होते. बाई म्हणायच्या, आता राहिलेत किती दिवस, एवढ्यासाठी नवा गुडघा कशाला?

तर सांगायचं ते असं. त्या घरात एक रीत आहे. मूल जन्मलं की त्याच वर्षीच्या द्राक्षांची गोड वाइन करायची आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत तळघरात ठेवायची. साधी वाइन एवढी टिकत नाही म्हणे, ही टिकते. हेल्मुटने मुलीसाठी केली होती, मोठ्या नातवासाठी केली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये बाईंना नात झाली, ईडा. बाई मला म्हणाल्या, "तिच्या अठराव्या वाढदिवसाला मी नसणार. बाटली असायला पाहिजे." हे काम त्यांनी एकटीने कधी केलं नव्हतं. त्यासाठी खालच्या तीन ओळी सगळ्या गावाची तोडणी झाली तरी न तोडता ठेवल्या होत्या. रोज सकाळी धुकं, दुपारी ऊन. बाई रोज जाऊन बघायच्या आणि खूश होऊन यायच्या.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी बातम्यांत सांगितलं, उद्यापासून पाऊस. बाईंनी लगेच मला क्रेट दिले, बादल्या दिल्या, ओळींकडे बोट दाखवून तोडायची खूण केली आणि स्वतः शेजारच्या गावातून हाताने दाबायचा छोटा घाणा आणायला ट्रॅक्टर घेऊन गेल्या. लतिकेची ऑफिसची टर्मिन होती, म्हणजे आधी ठरलेली वेळ, ती अकरानंतर येणार. मी एकटा. खिशात विरळणीची माझी कात्री, निफाडहून बॅगेत घालून नेलेली.

पहिला घड हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. निम्मे मणी तपकिरी, सुरकुतलेले, अंगावर राखेसारखी बुरशी. दुसरा घड तसाच, तिसरा त्याहून वाईट. मला आमच्या निर्यातीचे दिवस आठवले. एका पेटीत दोन नासके मणी निघाले म्हणून साहेबाने अख्खा माल बाजूला काढला होता. इथे तर तान्ह्या पोरीच्या नावाची वाइन! म्हटलं, बाईंचं वय झालं, नजर गेली, त्यांना दिसलं नसणार. आपण आहोत ना.

बसलो की खाली बूड टेकून. एकेक घड घेतला, एकेक खराब मणी कात्रीने काढला, स्वच्छ घड क्रेटमध्ये. एक गोष्ट खटकली, नाही असं नाही. आमच्याकडे कूज लागली की आंबट वास सुटतो. इथे मधासारखा येत होता. म्हटलं, थंड हवेचा देश, इथली कूजही सभ्य असेल. आंबट वासाचे थोडे निघाले, ते वेगळ्या डब्यात टाकले. तीन तासांत दोन ओळी संपवल्या.

बाई आल्या. मी क्रेटमधले चकचकीत घड अभिमानाने दाखवले. बाईंचं तोंड उतरलं. तेवढ्यात लतिका उतारावरून आली. दोघींचं जर्मनमध्ये काहीतरी बोलणं झालं.

"नाना, त्या विचारतायत, खराब मणी कुठायत?"

"काळजी नको म्हणावं. एक ठेवला नाही!"

लतिकेने हे सांगताच बाई पालथ्या क्रेटवर बसल्या.

"अहो नाना, वाइन त्याचीच करतात! ती बुरशी मण्यातलं पाणी ओढून घेते, आत नुसता पाक उरतो. ह्या तीन ओळी त्यासाठीच ठेवल्या होत्या!"

"सडक्या मण्यांची वाइन?"

"गेनाऊ! अगदी तस्संच!"

"मग आधी सांगायचं नाही?"

"त्यांना वाटलं, चाळीस वर्षं द्राक्षं पिकवणाऱ्याला काय सांगायचं! फेकलेत कुठे?"

"फेकीन कसा? नासका मणी वेलीखाली टाकला तर रोग पसरतो. बादलीत गोळा करून बांधाबाहेर पुरायचा."

"पुरले?" लतिका किंचाळलीच.

"एक बादली पुरली. दुसरी ही काय, पुरायला निघालो होतो."

बाई गुडघ्याला शिवी न देता उठल्या. बादलीत तोंड घातलं. वास घेतला, हात खोल घालून तळाचे मणी वर काढले, एक तोंडात टाकला. मग एक माझ्या तोंडात कोंबला. काय सांगू! काकवी, जर्दाळू आणि वर हलकी आंबट धार. चाळीस वर्षं मी हा मणी फेकत आलो होतो.

बाई हसायला लागल्या, डोळे पुसत हसल्या. लतिका म्हणाली, "नाना, हे काम असंच करतात. एकेक मणी निवडून, आंबट वासाचा बाजूला. दोन माणसांना अख्खा दिवस लागतो. त्या म्हणतायत, ह्यात पान नाही, काडी नाही, हेल्मुटला असा माणूस जन्मात मिळाला नाही."

मी पुरलेली बादली उकरायला फावडं घेऊन निघालो. बाईंनी अडवलं. "राहू द्या. तो हेल्मुटचा वाटा. दाबताना चाखत चाखत तेवढा तो संपवायचाच."

तिसरी ओळ आम्ही तिघांनी केली, चांगले घड साध्या वाइनसाठी वेगळे काढून. संध्याकाळी घाण्यातून काकवीसारखी दाट धार काचेच्या बरणीत पडली. पण बरणी काही काठोकाठ भरेना. माझी ती एक बादली! वाइन तयार झाली की वर हवा राहता कामा नये, नाहीतर बिघडते, असं लतिकेने सांगितलं. तो घोर घेऊनच मी नोव्हेंबरात निफाडला परतलो.

एप्रिलमध्ये लतिकेचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर बाई आणि बरणी. बरणी गळ्यापर्यंत भरलेली, तळाला रंगीत काचेच्या गोट्या. ईडाच्या आईच्या लहानपणच्या. बाईंनी उकळून, एकेक करून आत सोडल्या होत्या आणि वाइन वर चढली होती.

"नाना, त्या म्हणतायत, ईडा अठराची झाली की बाटली उघडायला या."

"म्हणावं, मी पीत नाही."

"मग वास घ्यायला या म्हणतायत. कात्री घेऊन."

"अगं, मी तेव्हा एक्क्याण्णवचा असेन. आणि त्या त्र्याण्णवच्या!"

लतिकेने सांगितलं. बाईंनी कॅमेऱ्यासमोर दोन बोटांनी कापल्याची खूण केली आणि गुडघ्यावर थाप मारली.

"जूनची टर्मिन घेतलीय त्यांनी," लतिका म्हणाली. "नव्या गुडघ्याची."