काकूंचे उपवास आणि आईचा पुदिना

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्ह्याला पाटी मिळाली, साहेब मिळाले, साहेबांना जीप मिळाली. पाणी तेवढं राहून गेलं. वडील कारकून. भोकरहून बदलून आले आणि आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं. मागच्या वीतभर जागेत आईनं पावसाळ्यात गवती चहा लावला, थंडी पडल्यावर धणे चपलेखाली रगडून कोथिंबीर पेरली आणि मोरीच्या पाण्यावर पुदिना सोडला.

शेजारच्या काकूंना ही बाग फार आवडायची. आमचा बुद्धाचा फोटो त्यांनी सामान उतरतानाच पाहिला होता, पण कोथिंबिरीवर त्यांचा राग नव्हता. कुंपणावरून हात घालून रोज मूठभर न्यायच्या. आई म्हणायची, "या की घरात, गवती चहा टाकते." काकू म्हणायच्या, "आज उपवास आहे हो." आठवड्याचे वार सात, काकूंचे उपवास नऊ. उपवासाला चहा चालतो हे साऱ्या लातूरला ठाऊक होतं. आमच्या घरातले उपवास दीक्षेबरोबरच सुटलेले, तेव्हा आम्ही काय बोलणार! आईला मात्र एकच लागून राहिलं होतं, या बाईनं एकदा तरी आपल्या हातचा चहा प्यावा. मला आईचाच राग यायचा.

उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस कोरडे. नेमका तेव्हाच काकूंचा जावई मुक्कामाला आला आणि काकू घागर घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात. "नळाचंच तर पाणी," असं स्वतःलाच समजावत होत्या. आईनं जावई असेपर्यंत साठवणीतल्या पाण्यातून रोज घागर भरून दिली. आम्ही ओल्या फडक्यानं अंग पुसून अंघोळी उरकल्या, त्यामुळं मोरीतून बागेत जायला काही उरलंच नाही.

जावई गेल्यावर काकू कुंपणाशी आल्या. "अगबाई, पुदिना वाळू दिलात? जरा पाणी घालायचं."

"तुमच्या जावयानं पिला की," आई म्हणाली.

काकूंचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं त्या दारातून आत आल्या आणि पाटावर बसल्या. "टाका थोडा चहा," म्हणाल्या.

गवती चहाची चार पाती अजून जिवंत होती. मी स्टो पेटवायला उठले. आईनं माझा हात धरला.

"आज न्हाई जमायचं. उपवास हाय."

"उपवासाला चहा चालतो की हो," काकू हळूच म्हणाल्या.

"चालतो? मला कुठं ठाऊक," आई म्हणाली. "मी तर तुमच्याकडनंच शिकले."