पायाची बोटं बघणारी
ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात गंगाखेडहून एक नर्सबाई घरी यायची. नाव मी विचारलं नाही. आली की आधी ह्यांच्या पायाची बोटं बघायची. कॅन्सरच्या वेदनेवर तिनं मॉर्फिनच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. नशेची सवय लागेल म्हणून मी त्या तांदळाच्या डब्यात पुरल्या. तेव्हा मी साठीची होते, अक्कल सोळाची.

गोळ्या का देत नाही, असं तिनं एकदा विचारलं. “सवय लागेल. आणि हे कुठं कण्हतात?” मी ऐटीत म्हणाले.

“बायकोपुढं कोण कण्हतंय, मावशी? बोटं बघा, कशी आवळलीत. सवयीला भ्यायलाव? लागू द्या की. आता कुठं नोकरीला जायचंय त्यांना?”

चाळीस वर्षं मी ह्यांचं तोंड बघून संसार केला होता. डबा उपसून गोळी दिली. तासाभरानं बोटं सुटली, आणि चहा पांचट केल्याबद्दल मला ह्यांची बोलणी बसली.