फ्रेमच्या फोटोची लेन्स

जुनी लेन्स विकत घेताना मोबाईलचा टॉर्च लावून तिच्यातून आरपार बघायचं असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. संगमनेरच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर, प्रतिमा कुठे मिळेल, हे सगळं वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो, पण कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. मुलगी शिकायला पुण्याला गेली, रविवार अंगावर यायला लागले, तेव्हा एक वापरलेला कॅमेरा घेतला. त्याच्यासोबत एक छोटी लेन्स आली होती. दोन महिने तिच्यावर काढले आणि मग सगळ्या नवशिक्यांचं होतं तेच माझं झालं. फोटो चांगले येत नाहीत म्हणजे लेन्सच चांगली नाही, असं वाटायला लागलं.

केडगावला एक फोटो स्टुडिओ बंद होत होता. फोटोग्राफर वारले होते आणि त्यांचा धाकटा भाऊ सामान मोकळं करत होता. काउंटरच्या काचेखाली ती लेन्स होती. काळी, वजनदार, हातानं फोकस करायची, पंच्याऐंशी एमएमची. मी शिकून गेलो होतो, त्या क्रमानं तपासलं. फोकसची रिंग फिरवली, ती कुठेही न अडकता फिरली. उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी आतली पाती उघडमीट करून बघितली, त्यांच्यावर तेल उतरलेलं नव्हतं. मग मागून बॅटरी मारली.

"काय सर, मोतीबिंदू बघताय का?" भाऊ म्हणाला.

मोतीबिंदूच म्हणायला हवा. आतल्या काचेच्या कडेपासून पांढरे, केसाहून बारीक तंतू मध्याकडे निघाले होते. जमिनीत मूळ पसरावं तसे. बुरशी. लेन्समधल्या धुळीचं मनावर घ्यायचं नसतं, चार कण फोटोत दिसत नाहीत. बुरशी मात्र जिवंत असते. दमट हवेत ती वाढते आणि काचेवरचा लेप खाते. अशी लेन्स घेऊ नये, हे नवशिक्याला पहिल्याच धड्यात सांगतात. मी तसं बोलूनही दाखवलं.

"असू द्या की. दादांचं कधी अडलं नाही. लग्नाला दुसऱ्या लेन्सा होत्या त्यांच्याकडं. ही फक्त फ्रेमच्या फोटोला."

आमच्या भागात हे वेगळं सांगावं लागत नाही. वय झालं की माणसं आपणहून एक फोटो काढून घेतात. एकट्याचा, छातीपर्यंतचा, समोर बघणारा. दहाव्याला तोच पाटावर ठेवायचा आणि पुढे तोच भिंतीवर. काढताना कुणी रडत नाही. धुतलेली टोपी, घडीचं लुगडं, आजूबाजूला थट्टा. मग तो फोटो ट्रंकेच्या तळाशी जातो आणि वेळ येईपर्यंत कुणी त्याला हात लावत नाही.

मी लेन्स कॅमेऱ्याला लावून भावाकडे बघितलं. त्याच्यामागचं पसाऱ्यानं भरलेलं दुकान विरघळून गेलं होतं आणि त्याचा एकट्याचा चेहरा समोर उरला होता. तेवढ्यावर मी ती घेतली.

तिचा स्वभाव कळायला महिना गेला. छिद्र बारीक ठेवलं की बुरशीचा भाग झाकला जायचा आणि फोटो साधा, स्वच्छ यायचा. छिद्र पूर्ण उघडलं आणि एका बाजूनं खिडकीचा उजेड आला, की त्या तंतूंवर प्रकाश विखरायचा आणि माणसाच्या डोक्यामागून, कानाखालून, एक फिकट पांढरी झाक गळ्यापर्यंत उतरायची. मला तो दोष वाटला. लोकांना तेज वाटलं.

पहिले बसले ते आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. फोटो बघून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा मी देवमाणूस दिसतोय." तीन आठवड्यांनी ते बाथरूममध्ये पडले, ते उठलेच नाहीत. दहाव्याला तोच फोटो होता. त्यांच्या गावाकडून, मी लहानपणी जिथे वाढलो त्या कोल्हारहून, आलेल्या पाहुण्यांनी तो बघितला आणि पुढच्या रविवारी मला बोलावणं आलं. तिथे माझ्या एका लांबच्या चुलत्यांचा काढला आणि पावसाळा संपता संपता वरच्या आळीतल्या एका म्हातारीचा. चुलते श्रावणात गेले. म्हातारी दिवाळीच्या आधी.

गावात आधी थट्टाच झाली. सकाळी डेअरीवर कॅन घेऊन उभे असलेले लोक मला बघून तोंडावर उपरणं ओढायचे.

"सर, तेवढा डबा तिकडं करा! अजून पोरीचं लगीन व्हायचंय."

"ह्याचा काढा, सर, ह्याचा! ह्याची बायको चहा पाजंल तुमाला."

मीही हसायचो. पण एका दुपारी तिन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले आणि माझं हसू गेलं. तिन्ही चेहऱ्यांच्या डाव्या कानाखाली ती पांढरी झाक सारख्याच आकाराची होती. चार लांबट पट्टे आणि खाली एक आखूड. मागून कुणीतरी मानेवर हात ठेवावा तशी. मला कारण माहीत होतं. बुरशी तीच, तिची जागा तीच, मी सगळ्यांना खिडकी एकाच बाजूला ठेवून बसवलं होतं, मग आकार सारखाच येणार. हे मी वर्गात पाच मिनिटांत सिद्ध करून दाखवलं असतं. एक गोष्ट मात्र मला समजावता येत नव्हती. पोस्टमास्तरांच्या फोटोत तो हात फिकट होता, चुलत्यांच्या फोटोत जरा स्पष्ट, म्हातारीच्या फोटोत बोटं मोजता येत होती. पावसाळ्यात कपाटात ठेवल्यानं बुरशी वाढली असणार. असणारच. मी बॅटरी मारून बघितलं, तर तंतू खरंच पुढे सरकले होते. त्याचं समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी पुन्हा केडगावला गेलो. दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगली होती. भावाला आडून आडून विचारलं, तर तो खो खो हसला.

"सर, तुम्ही शिकले-सवरलेले. फ्रेमचा फोटो कोण काढतं? ज्याला जायचंय तोच ना? लेन्स बिचारी काय करणार त्यात?"

इतकं साधं उत्तर होतं. मी मोकळा होऊन निघालो, पायरीवर आलो, तेव्हा तो मागून म्हणाला, "पण एक होतं. घरातल्या कुणाचा फोटो दादा ह्या लेन्सनं काढायचे नाहीत. आईनं लई मागं लागून पाहिलं. नाहीच काढला."

"का?"

"कोण विचारणार दादांना?"

हे त्यानं सांगितलं नसतं तर पुढचं झालं नसतं, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. ते खरं नाही. पुढचं मी केलं.

कोल्हारला माझी आत्या आहे. वडिलांची थोरली बहीण. दहावीपर्यंत मी तिच्याकडे राहिलो, तिच्या हातचं खाऊन वाढलो. तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. लग्नकार्यातल्या घोळक्यात कुठेतरी अर्धी, पदराआड. आधार कार्डावरच्या फोटोला ती म्हणायची, "कुनाची कोंबडी चोरताना धरल्यावानी दिसते मी." चुलत्यांचा फोटो बघितल्यापासून तिनं माझ्यामागे धोशा लावला. मी आज उजेड नाही म्हणालो, उद्या पेपर तपासायचे आहेत म्हणालो. शेवटी एका रविवारी गेलो, तर ती हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, सकाळपासून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसली होती. वहिनी म्हणाल्या, "कालपासून कुणाशी नीट बोलल्या नाहीत, तोंड हलेल म्हणून." या वहिनी म्हणजे तिच्या सूनबाई, तिचं सगळं त्याच करतात.

मी पिशवीतून छोटी लेन्स काढली.

"ती न्हाई," आत्या म्हणाली. "ती मोठ्या डोळ्याची लाव. तेज येतं तिनं."

"आत्या, ती खराब झालीय."

"मग खराब लाव. मला काय चित्रपटात जायचंय?"

वहिनी हसल्या. मी मोठी लेन्स लावली. आत्यानं हात मांडीवर ठेवले, हनुवटी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. लेन्समधून तिचा चेहरा जवळ आला. कपाळावरचं गोंदण, खालच्या ओठाजवळचा तीळ, डोळ्यांत खिडकीचे दोन छोटे चौकोन. इतकी देखणी ती मला कधी दिसली नव्हती. आणि डाव्या कानाखाली ती पांढरी बोटं आली.

मी फोकसची रिंग फिरवली. मुद्दाम, जवळच्या टोकापर्यंत. चेहरा पसरला, डोळे गेले, ओठ गेले, हिरव्यावर एक गव्हाळ डाग उरला. चेहरा काचेतून आत आलाच नाही, तर जे काय आहे त्याला तो सापडणार नाही, असा माझा हिशेब होता. फळ्यावर प्रकाशकिरण काढणाऱ्या माणसानं भुताला चकवायला प्रकाशाचेच नियम वापरले. मी बटण दाबलं. आत्यानं श्वास रोखून धरला होता, तो सोडला.

"आला का?"

"झकास आला."

"दाव की."

"इथं छोटा दिसतो. मोठा करून आणतो."

पुढचे चार महिने मी तिच्याशी खोटं बोललो. प्रिंटला टाकलाय. कागद चांगला नव्हता. दुकानदार गावाला गेलाय. खरं तर दुसऱ्या कुठल्याही लेन्सनं, मोबाईलनंसुद्धा, मी तिचा एक चांगला फोटो काढू शकलो असतो. पण तोवर मला लेन्सचं भय उरलं नव्हतं, फ्रेमच्या फोटोचंच भय बसलं होतं. फोटो नाही तोवर ती आहे, असं मनाशी धरून बसलो होतो.

मग उसाच्या हंगामात एका सकाळी वहिनींचा फोन आला. आत्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी गेलो. ती खाटेवर, उशीला टेकून बसली होती. डाव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली, गाल ओघळलेला, ओठाचा कोपरा खाली ओढलेला. आणि ओढ सुरू झाली होती ती बरोबर कानाखालून, जिथे ती बोटं उमटायची तिथून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शब्द जड येत होते, पण कळत होते. "बरं झालं, फोटू आधीच काढला," ती म्हणाली. "आन आता. कवाधरनं म्हनतोय आनतो."

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या होत्या. मी मोबाईलवर तो फोटो उघडून तिच्या उजव्या डोळ्यासमोर धरला.

"हे काय हाय?"

"तू आहेस."

"तोंड कुठंय?"

मी सगळं सांगितलं. तिघांचं, केडगावचं, रिंगचं. सांगताना माझा आवाज वर्गात खोटं बोलताना पकडलेल्या पोरासारखा येत होता. तिनं पूर्ण ऐकलं.

"मी मरंन म्हनून?"

"हो."

"आन न्हाई काढला म्हनजे मरायची न्हाई व्हय रं मी?"

ती हसली. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर आलं, उरलेला अर्धा माझ्याकडे तसाच बघत राहिला. मग हसू थांबलं आणि ती म्हणाली, "काढ आता. हाय तसा."

कॅमेरा गाडीत होता, लेन्सही. मी आणली. छिद्र पूर्ण उघडलं. या वेळी नीट फोकस केला, पापणीच्या केसांवर. बटण तीनदा दाबलं. पांढरी झाक आली नाही, खिडकी दुसऱ्या बाजूला होती. फोटो इतका स्वच्छ आला की त्वचेवरची एकेक रेघ मोजावी.

दोन दिवसांत मोठा करून, जाड कागदावर छापून आणला. आत्यानं तो उजव्या हातात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"ही कोन?"

"आत्या, तूच."

तिनं आणखी बघितलं. वहिनींना हाक मारली, त्यांना दाखवला, त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"न्हाई," आत्या म्हणाली. "ही दुसरीच बाई हाय. हिचा लावू नका." आणि फोटो मला परत दिला. "माझा आन."

आत्या अजून आहे. काठीनं खोलीतल्या खोलीत चालते. ते दोन्ही फोटो माझ्या टेबलाच्या खणात आहेत, ज्यात चेहरा नाही तो आणि ज्यातला चेहरा तिला तिचा वाटत नाही तो. मी दर रविवारी कोल्हारला जातो. चपला काढेपर्यंत ती खाटेवरून विचारते, "आनला का माझा फोटू?" तिला मी सांगितलेलं सगळं ती विसरली आहे, की काहीच विसरलेली नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. त्यातला अर्धा बोलतच नाही आणि उरलेला अर्धा मला बघू देत नाही. मी "नाही" म्हणतो. ती "बरं" म्हणते आणि उंबऱ्याकडे तोंड करून, हनुवटी उचलून, न हलता बसून राहते. वहिनी सांगतात, मी निघून गेल्यावरही बराच वेळ ती तशीच असते.