मियानमियान कुणाच्या हाकेला येते

सिचुआनच्या डोंगरातल्या त्या पांडा केंद्रात गुइफेनला सगळे 'मियानमियानची आई' म्हणत, आणि त्यात काही चेष्टा आहे असं तिला कधी वाटलं नाही. सख्खी लेक आजीकडे वाढली होती. मियानमियान या पांडाला मात्र लहानपणी तिनं दर तीन तासांनी बाटलीनं दूध पाजलं होतं.

आता मियानमियान दोन देशांच्या मैत्रीची खूण म्हणून परदेशी प्राणिसंग्रहालयात निघाली होती. तिथं तिला सांभाळणारी लिसबेत काम शिकायला आली होती. उंच, हसतमुख. चिनी बोलायची, तेही अगदी शुद्ध.

"बातम्या वाचते जणू," गुइफेन बांबू तोडणाऱ्या लियाओकाकांना म्हणाली.

"जळतेस होय गं?"

"जळतंय माझं खेटर!"

केंद्रात जनावरांशी सगळे गावच्या बोलीत बोलत. मियानमियानला तेवढीच कळे. पण लिसबेतनं हाका लिहून मागितल्या, तेव्हा गुइफेननं राजधानीत शोभतील अशा शुद्ध भाषेत लिहून दिल्या. लिसबेत रोज गजांपाशी उभी राहून म्हणे, "मियानमियान, कृपया आत ये." मियानमियान पाठ फिरवून बांबू चघळत बसे. गुइफेनला त्या पाठीचं कोण कौतुक!

पाचव्या दिवशी केंद्राचे प्रमुख तानसाहेब चिडले. "विमान परवा आहे. लिसबेतच्या हाकेनं ती प्रवासाच्या पेटाऱ्यात शिरली नाही, तर भूल देऊन न्यावी लागेल."

गुइफेन लिसबेतकडे वळली. मागे दात काढताना भूल दिली, तेव्हा मियानमियानचा श्वास अडखळला होता.

"तो कागद फाड," ती लिसबेतला म्हणाली. "म्हण, अगं ये की ढमे, किती वाट बघायची!"

लिसबेतनं म्हटलं.

"नाकातून नको. भांडल्यासारखं म्हण."

तिसऱ्या हाकेला मियानमियानचे कान टवकारले. डुलत डुलत ती गुइफेनच्या समोरून पुढे गेली, पेटाऱ्यात शिरली आणि लिसबेतच्या हातचा वाफवलेला मक्याचा गोळा मटामटा खाऊ लागली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. इतकी वर्षं राबून कमावलेली हाक, आणि ही बया एका सकाळीत घेऊन चालली!

लिसबेतचे डोळे भरून आले. "गुइफेनताई, आणखी काही सांगायचं राहिलंय?"

डाव्या कानामागं खाजवलं की मियानमियान डोळे मिटून आडवी होते.

"नाही," गुइफेन म्हणाली. "एवढंच."