हरवलेला पाना

निवृत्तीनंतर कितीतरी प्रकरणांतले चेहरे पुसट झाले. एका पान्याची तक्रार मात्र मनातून जात नाही.

अमरावतीजवळ धावपट्टीलगतच्या एका खासगी कार्यशाळेत लष्कराची सरावाची विमाने दुरुस्त होत. एका सकाळी तिथली तंत्रज्ञ आमच्या पोलीस ठाण्यात आली. मूळची अकोल्याची, विमान देखभालीचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली. "साहेब, माझ्या पेटीतला पाना गेला."

ठाणे अंमलदार हसला. "पाना तर बाजारात भेटते, बाई."

"अन् तो विमानातच राहिला असन तर? विमान वळवायच्या तारांत अडकला तर वैमानिक काय करन?"

पाना मिळेपर्यंत तिने विमान उड्डाणासाठी सोडायला नकार दिला होता. मी स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

तिथे विमानाच्या तळाचे पत्रे काढून शोध चालला होता. फोरमन वलगावचा, सगळ्यांत जुना माणूस. नट हाताच्या अंदाजाने आवळायचा. काम संपल्यावर हत्यारे जागच्या जागी आहेत का, हे पाहण्याची पद्धत तिने आणली. ती पद्धत त्याला पोरखेळ वाटायची.

तो वैतागून म्हणाला, "काहून उकलून राहिले इमान? त्यात काई नाई. उडवा बिनधास्त."

"पहिल्या उड्डाणात तुम्ही बसाल, काका?" मी विचारले.

"आत्ता बसतो!"

त्याच्याच हाताखालच्या मेकॅनिकना मी तेच विचारले. सगळे खाली पाहू लागले. संशयिताची भीती आम्ही नेहमी पाहतो. त्या दिवशी मला त्याचे एकट्याचे निर्धास्त असणे खटकले. पाना विमानात नाही, याची एवढी खात्री तो नेणाऱ्यालाच असणार.

हवालदाराला तिथेच ठेवून मी फोरमनला चौकशीसाठी ठाण्यात आणले. तो कशालाच दाद देईना. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि त्या तंत्रज्ञ बाईंच्या कामाची स्तुती करत बसलो. त्याचा चेहरा ताठरत गेला.

"पयले पायलट साहेब मले इचारत, 'काका, उडू का?' आता माह्या समोरून जातात अन् तिले इचारतात. कालची पोर!"

पण चोरी कबूल करेना. तेवढ्यात हवालदार आला. पाना मिळाला नव्हता. पण विमानातल्या त्या तारांना अगदी लागून एक गंजलेला पेचकस मिळाला होता, मुठीवर लाल चिकटपट्टी गुंडाळलेला. मी तो टेबलावर ठेवला. फोरमनने तो उचलला आणि मुठीवरच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"हा माहा हाय. कई राहिला, मले मालूम नाई."

त्या पेचकसासकट ते विमान किती वेळा उडाले, कोणालाच सांगता आले नसते. मग तो बोलला. पाना त्याच्या स्कूटरच्या डिकीत होता. "तिचं नाव खराब व्हावं, तिले काढावं, एवढंच वाटे. इमान पडावं असं नाई, साहेब."

पंचांसमक्ष पाना जप्त झाला. गुन्हा दाखल झाला, त्याची नोकरी गेली. जबाब द्यायला आली तेव्हा ती त्याला म्हणाली, "काका, तुमी पाना लपवला म्हणून आमी पत्रे काढले अन् पेचकस सापडला. नाई तर कोणाचा तरी जीव गेला असता."

त्याने तिच्याकडे पाहिले. मला वाटले, आता तरी ओशाळेल. तो पुटपुटला, "तेबी हिलेच सापडलं."

नोकरीत मी अनेकांकडून कबुली घेतली. कबुली दिली की माणसाचे मन हलके होते, असे मी तोवर मानत आलो होतो. हेव्याचे तसे नसते, हे मला त्या दिवशी कळले.