उपरण्याखालचा हात

कल्याणच्या बंदरावर त्या काळी गवताचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. याला हत्ता म्हणत. भोवती कितीही माणसं असली तरी भाव फक्त त्या दोन हातांना कळे.

मी खाडीकाठच्या कोपर गावचा. मुंबईच्या घोड्यांसाठी आमच्याकडून मचवे भरून गवत जाई. आधी मी दुसऱ्यांचे भारे वाहिले, मग मक्त्यानं कुरण घेऊन स्वतःची गंजी रचली. ती पाहायला बंदरावरचा सगळ्यांत मोठा वखारवाला आला. त्यानं गंजीत कोपरापर्यंत हात खुपसला, आतली पेंढी ओढून हुंगली आणि म्हणाला, "कोरडी आहे. माल चांगला."

त्याच्या ओट्यावर जाऊन मी उपरणं सोडलं आणि हात पुढे केला. त्या उपरण्यासाठी मी आदल्या दिवशी ठाण्याला जाऊन आलो होतो.

तो हसला. "अरे, तुझ्याशी कसला हत्ता? हत्ता बरोबरीच्या माणसाशी करतात. तू आपला तोंडानं बोल."

बाजूचा दलाल म्हणाला, "उपरणं मात्र नवं आहे हो शेठ!"

ओटा खो खो हसला. मी भाव बोललो, सगळ्यांनी ऐकला, आणि त्यानं तो सगळ्यांदेखत खाली आणला. माझ्या गंजीत हात घालायला त्याला काही वाटलं नव्हतं. माझ्या हाताचाच विटाळ होता.

माणूस आपली किंमत आपणच करतो, असं शहाणे लोक सांगतात. सांगोत बापडे. माझी किंमत त्या ओट्यावर झाली, आणि मला न विचारता झाली. घरी आलो तो जेवलो नाही. ठरवलं की त्याचा हात एक दिवस माझ्या उपरण्याखाली आणीन.

पुढे माझी वखार झाली, ठाण्याला, खाडीलगत. भल्याभल्यांनी माझ्याशी हत्ता केला. सौद्यात मी कोणाला सोडलं नाही. एका दलालाच्या तर कानशिलात दिली. पण बोटं कोणाचीही असोत, ही त्या कल्याणच्या वखारवाल्याची नव्हेत, एवढंच मनात येई.

मग एका वर्षी भर हिवाळ्यात पाऊस पडला. त्याच्या गंज्या उघड्यावर होत्या, आतून तापल्या, काळ्या पडल्या. माझं गवत छपराखाली होतं. मुंबईच्या तबेल्यांना माल द्यायचं त्याचं बोलणं झालेलं. तो स्वतः माझ्या दारी आला. बैठकीवर बसला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढे केला.

"हं शेठ, द्या हात."

मला शेठ म्हणाला! तो हात मी पाहिला. म्हातारा झाला होता, नखं पिवळी. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो समोर होता आणि मी माझे दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"तोंडानं बोला. इथं सगळे आपलेच आहेत."

माझी माणसं थांबून बघू लागली. त्यानं भाव सांगितला. मी म्हटलं, "ऐकू नाही आलं." त्यानं पुन्हा सांगितला, मोठ्यानं, खणखणीत. आवाज कापला नाही, कान लाल झाले नाहीत. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "जरा पाणी सांगा हो. फार चाललो आज."

जे बोलताना मी जळून निघालो होतो, ते त्यानं ताक मागावं तसं बोलून टाकलं. त्याची किंमत तो घरूनच घेऊन आला होता. माझ्या ओट्यावर तिला धक्का लागला नाही. याचा मला जो संताप आला तो पहिल्या अपमानापेक्षा मोठा होता.

पाणी दिलं. गवत दिलं नाही. धंद्यातल्या त्याच्या वैऱ्याला माणूस पाठवून बोलावलं आणि सगळं त्या वैऱ्याला घातलं, याच्याच देखत, यानं बोललेल्या भावाहून कमी भावात आणि मुद्दाम हत्ता करून. तेव्हा मात्र तो उठताना भिंतीला धरून उठला.

तो वारला त्याला बरीच वर्षं झाली. आता त्याचा मुलगा माल घ्यायला येतो. सभ्य आहे, मला काका म्हणतो. आला की हात पुढे करतो. मी त्याला दर वेळी तोंडानं बोलायला लावतो.