सांगणारी मुलगी

शाळेतल्या मुली माझ्या लेकीला चुगलखोर म्हणायच्या, तेव्हा त्यांच्या तोंडावर जाऊन सांगावंसं वाटायचं की हो, आहे ती चुगलखोर, आणि मला तिचा अभिमान आहे. मी तशी फटकळ बाई. नवरा म्हणतो, बहरीनच्या उन्हाने माझं डोकं तापतं. खरं तर ते नागपूरहूनच तापून आलेलं आहे.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमची बुद्धवंदना शुक्रवारी सकाळी, आलटूनपालटून कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर आम्ही सगळे, आणि वंदना झाली की पोरांची भाषणं. पोरं इंग्रजी शाळेतली, मराठी भाषण इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात आणि अडखळत वाचतात. त्यात एकच मुलगी कागदाशिवाय बोलायची. ती माझ्या लेकीची जिवलग मैत्रीण, दोघी अकरावीत. ती उठली की बायका मोबाईल काढून व्हिडिओ घ्यायच्या. ही आपल्यातली पहिली डॉक्टर होणार, असं दर वेळी कुणीतरी म्हणायचंच, आणि ती मान खाली घालून हसायची.

अशाच एका शुक्रवारी वंदनेहून सनद भागातल्या आमच्या घरी आलो. मी कणीक मळत होते. लेक ओट्याशी येऊन उभी राहिली आणि अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगू लागली. मैत्रीण म्हणाली होती की तिला आता जगायचंच नाही. रात्र रात्र झोप नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, आणि आपण नसलो तर सगळ्यांची सुटका होईल असं वाटतं. कुणालाही सांगणार नाही अशी शपथ तिने माझ्या लेकीकडून घेतली होती.

"मी सांगितलं हे कळलं तर ती माझ्याशी परत कधीच बोलणार नाही," लेक म्हणाली.

"नाही बोलली तरी चालेल. ती असायला हवी."

पिठाचे हात धुतले आणि सनाबिसला, मैत्रिणीच्या घरी निघालो. लेकीला घरीच थांब म्हटलं तर तिने ऐकलं नाही. मीच सांगितलंय, मग मीच समोर जाणार, म्हणाली.

मैत्रिणीच्या आईवडिलांना आधी काही पटेचना. वडील म्हणाले, परीक्षेचं टेन्शन आहे, सगळ्याच पोरांना असतं. मग मी त्या मुलीजवळ बसले आणि सरळ विचारलं की तुला मरावंसं वाटतं का. वडील दचकून उठले. असले शब्द पोरीच्या डोक्यात घालता का, म्हणाले. पण ती मुलगी रडायला लागली आणि म्हणाली, "खूप दिवसांपासून, काकू." तिच्या आईने तोंडाला पदर लावला. मुलीने माझ्या लेकीकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

आता दवाखान्यात नेणार, असं मला वाटलं. पण नवराबायको आत जाऊन कुजबुजले, आणि बाहेर येऊन वहिनींनी, म्हणजे मुलीच्या आईने, सांगितलं की तिला नागपूरला आत्याकडे पाठवतो, हवा बदलेल. इथे डॉक्टर का नाही, तर म्हणे सलमानियाच्या सरकारी इस्पितळात नाव लागलं की ते ओळखपत्राच्या नंबरावर कायमचं चढतं.

"मग ह्यांचा व्हिसा रिन्यूच नाही होणार, ताई. सगळ्यांनाच परत जावं लागन."

हे आमच्यातच ऐकायला मिळतं. कुणी सांगितलं ते कुणालाच ठाऊक नसतं, पण सगळे जपून असतात. सर्दीतापाला दहादा डॉक्टरकडे जातील, मनाचं काही झालं की विमानाचं तिकीट काढतील. माझा पारा चढला. माझ्या ऑफिसात दिवसभर व्हिसाचीच कामं चालतात, आणि असं एकही प्रकरण मी आजवर पाहिलेलं नाही, हे मी आवाज चढवूनच सांगितलं. आणि समजा गेला व्हिसा, तर गेला. मुलीच्या जिवापुढे व्हिसा कसला? शेवटी मुलीच्या वडिलांनी गाडीची किल्ली घेतली. त्या संध्याकाळी ते मुलीला घेऊन सलमानियाला गेले. तिथून पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले. आठवड्याला एक भेट, आणि गोळ्या आईच्या ताब्यात. व्हिसाही पुढे नेहमीसारखा रिन्यू झाला.

पण मैत्रिणीने माझ्या लेकीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. स्कूल बसमध्ये ती दुसरीकडे बसायची. बाकीच्या मुलींना काय झालंय ते माहीत नव्हतं, पण हिने काहीतरी फोडलं एवढं कळलं होतं. वंदनेला ते कुटुंब येईना. बायका खोदून खोदून विचारायच्या, तर लेक शांतपणे सांगायची की मला काही सांगायचं नाही. जिथे सांगायचं तिथे तिने सांगितलं होतं, आणि जिथे नाही तिथे तोंड मिटून होती. एवढी अक्कल मला या वयातही नाही.

मैत्रीण शाळेत आली नाही की लेक त्या दिवसाच्या नोट्सचे फोटो तिला पाठवायची. उत्तर कधीच यायचं नाही. मीच एकदा चिडून म्हटलं, किती दिवस हे? लेक म्हणाली, "तिने बघितलं, एवढं दिसतं ना. बास, खलास." आणि पुन्हा अभ्यासाला बसली. मी दुसऱ्या खोलीत जाऊन डोळे पुसले.

असे कितीतरी महिने गेले. मग एका दुपारी आम्ही जेवत असताना लेकीचा फोन वाजला. मैत्रिणीचं नाव बघून तिने घास तसाच ताटात ठेवला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून ती मुलगी बोलली. आज पुन्हा तसंच वाटतंय, म्हणाली, आणि आईबाबा बाहेर गेलेत. लेकीने विचारलं, मी आईला घेऊन येऊ का?

"हो. तू सांगतेस, म्हणून तर तुला फोन केला."